भरून येणारी इजा

रेणुका मुसळे प्रशिक्षणाच्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहायची, दोन्ही हात वर करायची आणि विचारायची, "ओळखा बघू, यातली नवी बोटं कुठली?"

नव्यानं भरती झालेले कामगार माना पुढं काढून बघायचे. कुणी डावा हात म्हणायचं, कुणी उजवा. मग ती उजवा हात उलटसुलट करून दाखवायची. अंगठा सोडून चारही बोटं नवी होती. नखं तान्ह्या बाळासारखी पातळ आणि कातडी इतकी कोवळी, की चहाचा कप धरला तरी चटका बसायचा. ते ती सांगत नसे. ती बोटं मिटून उघडून दाखवायची, टेबलावरचा छोटा नट उचलायची, आणि खोलीत टाळ्या पडायच्या.

भोसरीच्या त्या कारखान्यात मोटारींचे पत्र्याचे भाग बनत. मोठाले प्रेस होते. पत्रा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, वरून कित्येक टनांचा दाब येऊन पत्र्याला आकार द्यायचा. रेणुकानं त्यातल्याच एका प्रेसवर नऊ वर्षं काम केलं होतं आणि तिथंच तिची बोटं गेली होती. प्रेसचा सेन्सर बिघडला होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा तो खरोखर अपघात होता.

त्या काळात तिचा नवरा बालाजी माणूस म्हणून तिला नव्यानं कळला. लातूरकडचा, तोंडानं फटकळ, कुणापुढं कधी न वाकणारा गडी. पण सकाळी कामावर जायच्या आधी तो तिची वेणी घालायचा, संध्याकाळी भाकरी दुधात कुस्करून तिला भरवायचा. "मला डाव्या हातानं जमतंय की," ती म्हणायची. "जमू दे की. मी भरवतोय तर खा गुमान," तो म्हणायचा.

डॉक्टर तहसीन इनामदार तेव्हा कामगारांसाठीच्या एका रुग्णालयात आपला प्रयोग करत होत्या. त्यांनी रेणुकाला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं.

"मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विजेचा भार असलेले कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणायचं. तुमचं सगळं शरीर या आयनांवर चालतं. कातडीच्या पेशी रात्रंदिवस सोडियमचे आयन बाहेरून आत ओढत असतात, म्हणून कातडीच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबात थोडासा फरक राहतो. धरणात पाणी साठावं तसा. कापलं की बांध फुटतो, आयन जखमेतून बाहेर वाहायला लागतात. तो प्रवाह शेजारच्या पेशींना दिशा दाखवतो, की जखम इकडं आहे, इकडं सरका. सॅलमँडर नावाचा एक प्राणी असतो, पालीसारखा दिसणारा. त्याचा पाय तुटला तर हा प्रवाह कितीतरी दिवस चालू राहतो आणि पाय परत येतो. आपल्यात वण धरतो, प्रवाह बंद पडतो, आणि काम तिथंच थांबतं."

"मग तुम्ही काय करणार?"

"प्रवाह थांबू देणार नाही." त्यांनी एक पारदर्शक, जेलीसारखा थलथलीत मोजा पुढं केला. "विजेच्या तारेतून इलेक्ट्रॉन धावतात. ती बोली पेशींना समजत नाही. या जेलमधून आयनच वाहतात, आणि कुठला आयन किती सोडायचा हे त्यातली छिद्रं ठरवतात. हा मोजा तुमच्या पेशींचा दाब उतरवेल. दाब उतरला की पेशी गर्भातल्या पेशीसारखी होते, वाढायला तयार. बोट पूर्ण झालं की मी तो दाब हळूहळू परत चढवीन. त्याला महिने लागतात. घाई करायची नाही."

"घाई केली तर?"

"तर पेशीला थांबायचं कळणार नाही."

रेणुकानं घाई केली नाही. वर्ष होत आलं तेव्हा तिच्या चार बोटांवर नखं उगवली. बालाजी त्या नखांकडं बघत बसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या काही वर्षांत मोजा सगळीकडं पोचला, आणि मग कामगारांच्या भरपाईचा सरकारी नियम बदलला. बोट तुटणं हे आधी कायमचं अपंगत्व धरलं जायचं. आता ते 'भरून येणारी इजा' झालं. कंपनीनं मोजा द्यायचा, काही महिने अर्धा पगार द्यायचा, विषय संपला. वरकरणी यात कुणाचं नुकसान दिसत नव्हतं.

पण कारखान्यात हळूहळू काहीतरी ढिलं पडत गेलं. प्रत्येक प्रेसपुढं अदृश्य किरणांचा पडदा असायचा. त्यात हात आला की मशीन जागेवर थांबायचं. कामगार त्याला नुसतं सेन्सर म्हणत. सेन्सर चालू असला की थोडा जरी हात आड आला तरी काम अडायचं आणि माल कमी निघायचा. एक किल्ली फिरवली की सेन्सर बंद होई. ती खरं तर डाय बदलताना वापरायची. आता ऑर्डर तुंबली की सर्रास फिरवली जाऊ लागली. किल्ली असायची लाइन सुपरवायझरकडं, आणि लाइन सुपरवायझर होता बालाजी.

"आधी तर तू असला नव्हतास," एकदा जेवताना रेणुका म्हणाली.

"आधी मी सुपरवायझरबी नव्हतो." त्यानं ताट सरकवलं. "नाईकनवरे साहेब मीटिंगमध्ये काय म्हणले माहीत आहे? म्हणले, बोट परत येतं, गेलेली ऑर्डर परत येत नाही. सगळे हसले. मी काय करू? किल्ली नाही फिरवली तर दुसरा कुणीतरी येईल अन् फिरवील."

"हसलास का तू?"

तो ताट उचलून मोरीकडं गेला. तिनंही विषय तिथंच सोडला. कारखान्याचे मॅनेजर असलेल्या या साहेबांनीच तिला प्रेसवरून काढून प्रशिक्षणाला बसवलं होतं, आणि नव्या माणसांना धीर द्यायला तिच्या हातासारखा हात दुसरा नव्हता. घर त्या दोन पगारांवर उभं होतं.

त्या उन्हाळ्यात बालाजीची धाकटी बहीण शिवकन्या औशाहून आली. बावीस-तेवीस वर्षांची, उंच, मोकळ्या आवाजात बोलणारी. जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली. गावात लग्नाचं घाटत होतं आणि तिला ते नको होतं.

"वैनी, मला तुमच्या कंपनीत लावा. मी काय बी करीन."

"प्रेसवर नको गं, पॅकिंगला बघू," रेणुका म्हणाली होती. पण पॅकिंगला जागा नव्हती, आणि शिवकन्येला थांबायचं नव्हतं. शेवटी रेणुकानंच तिचा अर्ज साहेबांकडं नेला. प्रशिक्षणाच्या दिवशी शिवकन्या पहिल्या रांगेत बसली. 'नवी बोटं कुठली' विचारल्यावर मुद्दाम डाव्या हाताकडं बोट दाखवून खिदळली. घरची चेष्टा. रेणुकालाही हसू आवरलं नाही.

शिवकन्या कामाला वाघ निघाली. संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकात हात द्यायची, बालाजीला चिडवायची, फोनवर आईशी तासन्‌तास बोलायची. घरात मूलबाळ नव्हतं, ते घर या पोरीनं भरून टाकलं.

अपघात झाला तो महिनाअखेरचा दिवस होता. दुपारच्या जेवणानंतर रेणुका नव्या तुकडीला कारखाना दाखवायला खाली घेऊन आली होती. शिवकन्येच्या प्रेसपाशी येताच तिचं लक्ष सवयीनं सेन्सरच्या दिव्याकडं गेलं. सेन्सर चालू असल्याचा हिरवा दिवा लागलेला नव्हता. किल्ली कुलपात होती, बंदच्या बाजूला वळलेली. बालाजी चार पावलांवर उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. रेणुकानं त्याला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात शिवकन्येनं बटण दाबलं, पत्रा तिरका बसलेला दिसताच तो सरळ करायला हात आत घातला, आणि प्रेस खाली आला.

ती ओरडली नाही. "दादा," एवढंच म्हणाली, साध्या आवाजात, जणू पाणी मागतेय. उजवा हात मनगटापासून गेला होता.

बालाजी धावला. आणि त्या धावण्यात, बहिणीला धरायच्या आधी, त्याचा हात किल्लीकडं गेला. हिरवा दिवा लागला. रेणुकानं ते पाहिलं. तिनं पाहिलं, हे त्यानंही पाहिलं.

इनामदार डॉक्टरांकडं मोज्यासाठी रांग लागलेली होती. बोटं परत येतात म्हटल्यावर बोटं जाण्याचं प्रमाण इतकं वाढलं होतं, की त्यांच्याकडचे मोजे पुरत नव्हते. आणि वण धरायच्या आत मोजा चढला नाही तर उपयोग नसतो. नाईकनवरे साहेब स्वतः दवाखान्यात आले. कंपनीचं एका खाजगी क्लिनिकशी बोलणं झालेलं होतं. तिथं नवा मोजा होता, चार महिन्यांत हात देणारा.

"वर्षाचं काम चार महिन्यांत कसं होतं?" रेणुकानं विचारलं.

"प्रवाह वाढवलाय, ताई. तंत्रज्ञान पुढं जाणारच ना," क्लिनिकचा तरुण डॉक्टर म्हणाला.

"इनामदार मॅडम म्हणाल्या होत्या, घाई करायची नाही."

"वैनी," खाटेवरून शिवकन्या म्हणाली, "मला हात पाहिजे. कुणाचा बी मोजा असू दे."

बालाजीनं सही केली. रेणुका शेजारी उभी होती. तिनं त्याचा हात धरून त्याला थांबवलं नाही.

पहिले दोन महिने चमत्काराचेच होते. जेलमधून दिसायचं, तळव्याची कळी फुगत होती, मग त्यातून पाच कोंब निघाले. शिवकन्या रोज फोटो काढून गावाकडं पाठवायची. बालाजी तिच्यासाठी फळं आणायचा, तिची वेणी घालायचा. पण रेणुकाशी त्याचं बोलणं तुटक झालं होतं. दोघांच्या मध्ये ती किल्ली होती आणि तिचं नाव दोघंही काढत नव्हती.

तिसऱ्या महिन्यात बोटं पूर्ण झाली. क्लिनिकनं दाब चढवायला सुरुवात केली आणि मोजा लवकरच काढूनही टाकला. काही दिवसांनी करंगळीच्या बाजूला एक गाठ आली. मग त्या गाठीला एक नख फुटलं. शिवकन्येनं ते हसण्यावारी नेलं, "वैनी, मला सहावं बोट यायलंय." पण गाठी मनगटावर आल्या, कोपराकडं सरकल्या. एकीत दातासारखं काहीतरी कडक लागत होतं. हात जड झाला, गरम राहू लागला, आणि दुखायला लागला. क्लिनिकनं फोन उचलणं बंद केलं.

रेणुका तिला इनामदार डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि शिवकन्येला बाहेर न पाठवता तिच्यासमोरच सांगितलं.

"वाढणाऱ्या पेशीचा दाब उतरलेला असतो. कर्करोगाच्या पेशीचाही पुष्कळदा तसाच असतो. म्हणून मी तो इतका सावकाश चढवते, एकेका थरात खात्री करत. यांनी वरच्या थराचा चढवला आणि सोडून दिलं. आतल्या पेशी अजून वाढतच आहेत, आणि काय व्हायचं हे त्यांना ठाऊक नाही."

"तुमचा मोजा घालून दाब चढवा मग," शिवकन्या म्हणाली.

"त्याच्या पलीकडं गेलंय, बाळ. हात खांद्यापासून काढावा लागेल. लवकर."

"अन् मग परत मोजा?"

डॉक्टरांनी मान हलवली. "तुझ्या शरीरावर आता कुणीही, कधीही मोजा चढवू नये. मी लिहून देईन तसं."

शिवकन्या बराच वेळ आपल्या नव्या बोटांकडं बघत राहिली. ती बोटं हलत होती. तिनं एक एक करून हलवून पाहिली. "वैनी, हात काढायचाय हे दादाला कळू देऊ नका, मॅडम बोटं नीट करतील एवढंच सांगा," ती म्हणाली.

इनामदारांनी आपला अहवाल कारखाने तपासणाऱ्या खात्याकडं पाठवला आणि लगेच चौकशी लागली. क्लिनिकनं सांगितलं, रुग्णाच्या भावाची संमती होती. कंपनीनं सांगितलं, सेन्सर चालू होता, कामगारानं स्वतः चुकीच्या बाजूनं हात घातला. बालाजीनं तसा जबाब दिला. शिवकन्येनं दादाच्या विरोधात काहीच सांगितलं नाही. मग अधिकाऱ्यांनी रेणुकाला बोलावलं.

त्या सकाळी बालाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"काय सांगणार आहेस?"

"जे पाहिलं ते."

"मी आत जाईन, रेणू. नाईकनवरे नाही जाणार, मी जाईन. किल्ली माझ्या हातात होती."

"माहीत आहे मला."

"तुला मी माझ्या हातानं भरवलंय." त्यानं दाराची चौकट धरली. "तेव्हा मी काय मागितलं होतं का तुला? आता मागतोय. एकदा."

रेणुकानं गॅस बंद केला. तिला त्याचा राग येत नव्हता, हीच अडचण होती. राग आला असता तर सोपं गेलं असतं.

"तू तिला धरायच्या आधी किल्ली फिरवलीस, बालाजी," ती म्हणाली. "मी रोज डोळे मिटले की तेच बघते. आणि रोज सकाळी त्या खोलीत उभी राहून पोरांना हात दाखवते. माझ्याच्यानं आता होत नाही."

तो दारातून बाजूला झाला. ती निघाली तेव्हा तो पायरीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून.

तिनं सगळं सांगितलं. न लागलेला दिवा, वळलेली किल्ली, मागाहून लागलेला हिरवा रंग. नाईकनवरे साहेबांचं ते मीटिंगमधलं वाक्यही सांगितलं. "ते तुम्ही स्वतः ऐकलंत का?" असं विचारलं गेलं, आणि नाही म्हटल्यावर ते वगळलं गेलं. आठवड्याच्या आत बालाजीला अटक झाली. कंपनीच्या वकिलांनी जाहीर केलं, की सुपरवायझरनं परस्पर नियम मोडले. जामीन फेटाळला गेला. रेणुकाची नोकरी गेली, पण तिच्या जागी उभं राहून नवी बोटं दाखवणाऱ्या दुसऱ्या दोन हातांचा बंदोबस्त आधीच झालेला होता. कारखाना एक दिवससुद्धा बंद पडला नाही.

बालाजी कोठडीत असतानाच इनामदारांनी शिवकन्येचा हात काढला.

शुद्धीवर आल्यावर तिनं भिंतीकडं तोंड केलं. रेणुकाशी ती बोलेना. घरी आल्यावरही लागेल तेवढंच बोलायची. भाजी, औषध, अंघोळीचं पाणी. जो हात नव्हता तो तिला दुखायचा, बोटं कुणीतरी पिळतंय असं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुटलेल्या नसांच्या टोकांतून आयन अजून आतबाहेर करत राहतात आणि मेंदूकडं खोटे निरोप जातात. त्यावर इलाज शोधणं चालू आहे. शिवकन्येनं विचारलं होतं, "त्यात पण मोजाच असंल ना?"

तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली तेव्हा दोघी गेल्या. आत फक्त एकीलाच सोडत होते. शिवकन्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसली. रिकाम्या खांद्यावरून तिनं ओढणी घट्ट लपेटली होती.

"तू जा," ती म्हणाली. वैनी म्हणणं तिनं सोडून दिलं होतं. "त्याला सांग, बोटं नीट झालीत. मी कामाला जायला लागलेय असं सांग."

"शिवू..."

"एवढं तर कर माझं. त्याला तिथं दिवस काढायचेत."

काचेपलीकडं बालाजी बसला होता. गालफडं बसलेली, केस बारीक कापलेले. त्यानं फोन कानाला लावला. रेणुका कशी आहे, घरभाडं कसं चाललंय, वकील काय म्हणतो, हे काही त्यानं विचारलं नाही.

"बोटं नीट झाली का तिची?"

तिच्या ओठावर शिवकन्येनं शिकवलेलं वाक्य होतं. दोन शब्दांचं काम होतं. त्यानं काचेला इतका जवळ चेहरा आणला होता, की त्याच्या श्वासानं तिथं वाफ धरली होती. या माणसाला तिनं खरं बोलून इथं पाठवलं होतं. आता खोटं बोलून त्याला बरं वाटू द्यायचं, तर ते आधीचं खरं कशासाठी होतं, हे तिला कळेना.

"नाही झाली," ती म्हणाली. "बिघडतच गेली. हात काढावा लागला. खांद्यापासून."

बालाजीच्या चेहऱ्यावर काहीच हाललं नाही. त्याला ऐकू आलं नसावं असं वाटून तिनं पुन्हा सांगितलं.

"ऐकलं मी," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "ती आलीय का?"

"बाहेर बसलीय."

"तिला आत नको आणू. कधीच." त्यानं फोन खाली ठेवला. पण तो उठला नाही. वेळ संपेपर्यंत तिथंच बसून राहिला, आणि तीही बसून राहिली, काचेच्या दोन बाजूंना, एकमेकांकडं बघत.

ती बाहेर आली तेव्हा ऊन चढलं होतं. शिवकन्या उठून उभी राहिली.

"सांगितलंस?"

"खरं सांगितलं."

शिवकन्येनं तिच्याकडं पाहिलं. रेणुकाला वाटलं, आता ही थोबाडीत मारेल. तिनं मारून घ्यायची तयारीसुद्धा केली.

"तुला घर मोडल्याशिवाय खरं बोलताच येत नाही का?" शिवकन्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. दमलेला होता.

"मला आता दुसरं काही बोलताच येत नाही, शिवू."

शिवकन्या खाली बसली. फाटकापाशी लोकांची ये-जा चालू होती, डबे, पिशव्या, कडेवरची मुलं.

"मी औशाला चाललेय," शिवकन्या शेवटी म्हणाली. "आजच. तू येऊ नकोस सोडायला."

"एकटी कशी जाशील? पिशवी, गर्दी..."

"जाईन."

तिनं डाव्या हातानं पिशवी उचलली, तिचा पट्टा दातांत धरून खांद्यावर नीट केला आणि रस्ता ओलांडून थांब्याकडं गेली. रेणुका बाकाशी उभी राहिली. एक रिक्षा आली, शिवकन्या वाकून काहीतरी बोलली, आत बसली. रिक्षा वळणाआड गेली तरी रेणुका तिथंच होती. मग फाटकावरच्या शिपायानं तिला हटकलं, की भेटीची वेळ संपलीय, इथं थांबता येणार नाही.